ओल्या अंगाला तेल

आई,

तुझ्या पणतीच्या कोपरांच्या लवणीत तेच फुटलं आहे. गुडघ्यांच्या मागे, मानेच्या घडीत, कानाची पाळी गालाला चिकटते तिथेसुद्धा. इसब. हा शब्द तू कधी घरात येऊ दिला नाहीस. तू म्हणायचीस, "हिचं अंग," आणि पुढचं गिळायचीस, जणू घरात बाकी कुणाला अंग नव्हतंच, मला एकटीलाच होतं. माझ्या मुलीने तिच्या त्या चार वर्षांच्या पोरीचा फ्रॉक वर करून मला पाठ दाखवली आणि विचारलं, "अम्मा, तुलाही असंच होतं ना?" मी हो म्हटलं. तिने फ्रॉक खाली ओढला. "मग तुझ्या आईने जे जे केलं त्यातलं काहीही हिला करायचं नाही. काहीही. कळलं?" तिने तुला पाहिलेलं नाही. ती माझ्या पोटात असताना तू गेलीस. तुझ्याबद्दल तिला जे ठाऊक आहे ते सगळं माझ्या तोंडून गेलेलं आहे, आणि मी तुझं फारसं चांगलं काही सांगितलेलं नाही. आज तुलाही थोडं सांगते. मध्ये बोलू नकोस. जिवंत असताना तू कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नाहीस, आता तरी होऊ दे.

तू रंगाऱ्याची मुलगी आणि रंगाऱ्याचीच सून. आपल्या गल्लीत सगळे तसलेच, म्हैसुरात पिढ्या गेल्या तरी घरात मराठी, आणि ते मराठी असं की पुण्याहून कुणी पाहुणे आले की पदराआड हसायचे. मागच्या अंगणात रंगाचे रांजण, चुलीवर उकळणारं कापड, दोरीवर ठसे मारलेल्या रजयांच्या खोळी. तुझे हात मनगटापर्यंत कधी निळे, कधी काळपट लाल, आणि तळवे असे खरखरीत की रेशमी ब्लाउजला धागे लागायचे. कापडाबद्दल तुला सगळं कळत होतं. कोऱ्या कापडातली खळ आणि तेल निघाल्याशिवाय रंग आत जात नाही, म्हणून ते सोडा घालून उकळायचं, बडवायचं, पुन्हा उकळायचं. आणि ओल्या कापडावर ठसा मारला तर रंग पसरतो, म्हणून ते कडक वाळू द्यायचं. तू हे अप्पांना शिकवायचीस, मदतीला येणाऱ्या बायकांना शिकवायचीस. आणि मग तू हेच माझ्या अंगाला लावलंस. दुसऱ्या कुठल्या घरात हे झालं नसतं. शेजारच्या शेट्टरांच्या मुलीला पायावर असंच होतं, तिची आई खोबरेल चोपडून मोकळी व्हायची. तू खोबरेल लावणाऱ्यांतली नव्हतीस. तुला काम नीट करायचं असायचं.

रविवार सकाळ आहे. न्हाणीत धूर भरलेला. मी पाटावर उकिडवी बसले आहे आणि तू डाळीच्या पिठात शिकेकाई कालवते आहेस. मग कोपऱ्यातल्या डब्यातून, कापड उकळताना घालायचीस तो सोडा, चिमूटभर. "आतलं तेल निघालं पाहिजे," तू म्हणतेस. "तेल आत असेल तर औषध धरणार कसं?" काथ्याचा बोळा कोपराच्या लवणीत फिरायला लागतो. मी हात ओढते. तू तो परत ओढून घेतेस, कापडाचा काठ ओढावा तसा. "हलू नको कणे, हलू नको पोरी. पुण्याची राणी लागून गेलीस काय?" झोंबतं. मी ओठ चावते. त्यानंतर चादरीत गुंडाळून गच्चीवर, उन्हात, अंग खणखणीत वाळेपर्यंत. मी तिथे उभी राहून चामुंडीची टेकडी बघायचे आणि कातडी ताणत जाताना जाणवायची, आधी पाठीवर, मग गालांवर. हसले तर ओठाच्या कडेला चीर पडायची. पूर्ण वाळले की तू वर यायचीस, बोट फिरवून बघायचीस, ठसा मारण्याआधी कापडावर फिरवायचीस तसंच. मग कडुलिंब आणि हळदीचा लेप. त्या चिरांमध्ये. मी ओरडायचे तेव्हा खालून अप्पा विचारायचे, "काय झालं गे?" आणि तू खाली वाकून म्हणायचीस, "काही नाही, औषध लागतंय!" लागतंय म्हणजे गुण येतोय, असं तुझं म्हणणं.

आणि मग तूप. हे मी मुलीला कधी सांगितलं नाही, म्हणून इथे लिहिते. दुपारी जेवणं आटोपली की तू तांब्याची परात घेऊन मागच्या पायरीवर बसायचीस. वरुणा गावच्या गवळणीकडून घेतलेल्या लोण्याचं घरी कढवलेलं तूप परातीत, त्यावर थोडं पाणी, आणि तुझा तळवा गोल गोल. पाणी गढूळ झालं की ओतून टाकायचं, नवं घालायचं. ते घालायचं काम माझं. शंभर पाण्यांचं तूप म्हणायचे त्याला, पण तू मोजत नव्हतीस, हाताला कळायचं तुझ्या. पिवळं तूप हळूहळू पांढरं होत जायचं, फुगायचं, लोण्याहून हलकं व्हायचं. तेवढा वेळ तू मला रागवत नसायचीस. तेवढा वेळ तुझ्या हातावरचा रंगसुद्धा फिकट व्हायचा. मला वाटायचं, ही परात संपूच नये. मग तू ते तूप कोरड्या, ताणलेल्या, लेप खरवडून काढलेल्या कातडीवर लावायचीस आणि ते वरच्या वर राहायचं, उशीला लागायचं, आत जायचं नाही. तू म्हणायचीस, "बघ, अजून तेल आहे हिच्यात. पुढच्या रविवारी नीट काढते."

पत्र इथपर्यंत आलं आणि मी उठून चहा केला. राग आला की अजून माझं तोंड कोरडं पडतं.

मुलगी म्हैसुरातच, गोकुलममध्ये राहते. दोघंही नवराबायको कामाला, म्हणून दुपारी मी पोरीजवळ असते. खालून दिवसभर योगासनांच्या चटया काखोटीला मारलेले गोरे लोक जातात. तिथल्या एका दुकानात मी काय पाहिलं सांगू? तुझं तूप. काचेच्या एवढ्याशा बाटलीत, वर इंग्रजीत नाव. एक सोनेरी केसांची मुलगी ते हाताच्या पाठीवर लावून वास घेत होती आणि डोळे मिटून "लव्हली" म्हणत होती. मला तिथेच हसू आलं, मग रडू आलं, आणि दुकानदार पोरगी घाबरून म्हणाली, "आंटी, पाणी देऊ?" तुझ्या हयातीत कुणी तुला लव्हली म्हटलं नाही. मीही नाही.

गेल्या महिन्यात आम्ही तिघी त्वचेच्या डॉक्टरकडे गेलो. बाई तरुण, कन्नड, बोलायला चटकन. पोरीला मांडीवर घेऊन तिच्या हातांवरून बोट फिरवलं, तिला विचारलं, "हे खाजतं तेव्हा तू काय करतेस, माकडासारखं खाजवतेस?" पोरीने माकड करून दाखवलं. मग डॉक्टर आमच्याकडे वळल्या. "कढत पाणी नको. घासायचं नाही. डाळीचं पीठ नको, शिकेकाई नको, लिंबू नको. कडुलिंब-हळदीचा लेप फुटलेल्या कातडीवर तर नकोच नको. सांगते कारण सगळ्या आज्या लावतात." माझी मुलगी माझ्याकडे बघत नव्हती, मुद्दाम. "कोमट पाणी, थोडा वेळ. टॉवेलने टिपायचं, पुसायचं नाही. आणि अंग ओलसर आहे तोवर वरून तेल. साधं खोबरेल चालेल, आधी हाताला थोडं लावून बघा, सोसलं तर सगळीकडे. ओट्स दळून पाण्यात घातलेत तरी चालतील. लाल झालं की हे मलम, मी सांगते तेवढेच दिवस. पाणी वाहायला लागलं, पिवळी खपली धरली, ताप आला, तर घरचे उपाय करत बसू नका, इकडे या."

मी पर्स मांडीवर धरून बसले होते, शाळेत बसायचे तशी. मी विचारलं, "ओलसर असताना? कोरडं झाल्यावर नाही?"

"कोरडं झाल्यावर आत धरून ठेवायला उरतं काय, अज्जी? तेल कातडीला पाणी देत नाही. आतलं पाणी जाऊ देत नाही, एवढंच."

"आणि तूप? धुतलेलं?"

त्या हसल्या. "तूप डोशावर घाला."

आई, त्या खोलीत मला तुझा इतका राग आला की मला उठून बाहेर यावं लागलं. आंधळेपणाने काही केलं असतंस तर समजू शकले असते. गरीब असतीस, वेळ नसता, तेल नसतं, तर समजू शकले असते. सगळं होतं तुझ्याकडे. घाण्याचं खोबरेल होतं, तूप होतं, मऊ जुनं कापड होतं, अख्खा रविवार होता. फक्त क्रम उलटा होता. आधी घासून काढायचं आणि मग वाळवायचं यातलं काहीच करायला नको होतं. तुझ्या हातात जे तेल होतं तेच ओल्या अंगाला लावायचं होतं. माझं सगळं लहानपण त्या एवढ्याशा गोष्टीवर वाया गेलं. वर्गातल्या मुली गोल करून खेळायच्या तेव्हा माझ्या दोन्ही बाजूंच्या मुली माझा हात न धरता माझ्या बाहीचं टोक धरायच्या. त्यांनी मला नाव ठेवलं होतं, कज्जी. खरूज. "कज्जी आली, कज्जी आली." मी घरी येऊन सांगितलं तर तू माझ्या युनिफॉर्मच्या बाह्या मनगटापर्यंत लांब केल्यास. आत अप्पांच्या जुन्या धोतराचं अस्तर लावलंस, इतकं मऊ की मी वर्गात बाहीला गाल लावून बसायचे. ते अस्तर मला टोचू नये म्हणून होतं की रक्त बाहेर दिसू नये म्हणून, हे मी तुला कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती, आणि उत्तराचीही भीती.

एकीने मात्र सांगून पाठवलं होतं तुला. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत शिवणाच्या तासाला बसायच्या त्या केरळच्या सिस्टर. माझ्या बाहीवर डाग दिसला तेव्हा त्यांनी मला काही न विचारता हात धुवायच्या बेसिनपाशी नेलं आणि बाही वर केली. मग गार पाण्याने हात धुतले, रुमालाने नुसते टिपले आणि खिशातल्या लहान बाटलीतलं खोबरेल त्या ओल्या हातांवर लावलं, वरून खाली, न चोळता. "घरी कोण घासतं तुला?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. मी म्हटलं, "मदर." त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी खाजवलं नाही. मी धावत घरी आले आणि तुला ते करून दाखवायला लागले, गार पाण्याखाली हात धरून. "अशा ओल्यावरच लावायचं, आई. सिस्टर म्हणाल्या."

तू रांजण ढवळत होतीस. काठी थांबली. "ओल्यावर?" तू म्हणालीस. "ओल्यावर काही धरत नाही. आणि त्या बायकांना लेकरं आहेत का? त्यांना काय कळतं लेकराच्या अंगातलं?" मग जवळ येऊन माझा हात नाकाला लावलास. "तेल लावून दिलंय वरून. आता हे सगळं काढावं लागणार." आणि रविवारची वाट न बघता तू मला त्याच संध्याकाळी न्हाणीत नेलंस.

ते तेल तू काढलंस. आई, इतर सगळ्यासाठी मी तुला कदाचित माफ केलं असतं.

डॉक्टरकडून आल्यावर मुलीने घरात नियम केला. पोरीची आंघोळ ती स्वतः घालणार, सकाळी ऑफिसच्या आधी. मी नाही. "अम्मा, रागावू नको. पण तुझ्या हातांना तेच ठाऊक आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, "मी सोसलंय ते, मला ते कसं ठाऊक असेल?" ती म्हणाली, "सोसलंयस म्हणूनच." मला अपमान वाटला. अंग कुणी कुणाच्या हाती द्यायचं ही साधी गोष्ट नसते, हे मला दुसऱ्या कुणापेक्षा जास्त कळतं, आणि त्या पोरीचं अंग मला हवं होतं. तिचे कान, तिची फुगलेली पावलं. कुणाला औषध न लावता नुसता हात लावायचा म्हणजे काय असतं हे मला या वयात शिकायचं होतं. तू मला औषधाशिवाय कधी हात लावला नाहीस. मी खूप आठवून पाहिलं. नाहीच.

आणि मग मुलीचं म्हणणं खरं ठरलं. एका संध्याकाळी तिला यायला उशीर होणार होता आणि पोरगी बागेतून मातीने भरून आली, घामाने मान लाल झालेली, नखांत रक्त. वाट बघण्यात अर्थ नव्हता. मी कोमट पाणी काढलं, घासलं नाही, काही नाही, सगळं बरोबर केलं. टॉवेलमध्ये गुंडाळून तिला पलंगावर उभी केली आणि तेलाची बाटली हातात घेऊन उभी राहिले. उभीच राहिले. पोर म्हणाली, "अज्जी, चळी," थंडी वाजतेय. मी म्हटलं, "थांब हं, वाळू दे." तेवढ्यात दार उघडून मुलगी आत आली. पोरगी टॉवेलमध्ये कुडकुडत होती, अंगावरचं पाणी वाळून कातडी पांढरी पडत होती, आणि मी तिच्या पाठीवरून बोट फिरवून बघत होते, पुरतं वाळलं का.

"अम्मा, काय करतेयस?"

मी त्या बोटाकडे बघत होते. ते तुझं होतं.

मुलीने बाटली माझ्या हातातून घेतली. ओरडली नाही, ओरडली असती तर बरं. पोरीचं अंग पुन्हा कोमट पाण्याने ओलं केलं, टिपलं, तेल लावलं, आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "तुझी आई मला माझ्या घरात नको आहे."

त्यानंतर बरेच दिवस मी फक्त डबा घेऊन जात होते, गोष्टी सांगत होते, पोरीची नखं कापत होते. तेवढी परवानगी होती. नखं कापताना ती पाय माझ्या मांडीवर टाकून विचारायची, "अज्जी, तुला पण नवे होत होती?" नवे म्हणजे खाज. मी म्हणायचे, "हो, खूप." "मग तुझी अम्मा काय लावायची?" मी म्हणायचे, "पाय हलवू नको, बोट कापेल." तेलाने तिच्या कोपरांची लाली हळूहळू उतरत होती. गुडघ्यामागे दोनदा उलटली, तेव्हा मुलीने मलम लावलं. पूर्ण जाणार नाही हे डॉक्टरनी सांगितलंच होतं. पण रात्री ती झोपते, असं मुलगी म्हणाली. मी लहानपणी रात्री झोपत नव्हते. तूही झोपत नव्हतीस, मला माहीत आहे, तुझ्या बांगड्या वाजायच्या अंधारात. पण तू उठून आली नाहीस.

काल विजयादशमी होती. जावयाने बन्नीमंटपाच्या मैदानावर दसऱ्याच्या रात्री होणाऱ्या मशालींच्या कवायतीचे पास मिळवले होते आणि पोरगी सकाळपासून नाचत होती. जायच्या आधी आंघोळ हवी होती, कारण घराबाहेर तोरणं बांधताना ती धुळीत लोळली होती, आणि नेमकं तेव्हाच सुट्टीच्या दिवशी मुलीला ऑफिसचा कॉल आला. तिने कानातलं यंत्र एका हाताने दाबून धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. "अम्मा, तू घाल. मी इथेच दाराबाहेर आहे." दार तिने उघडंच ठेवलं.

मी बादलीत पाणी काढलं, कोपराने बघितलं. दोन तांबे घातले. मग पोरीने माझी नजर चुकवून गिझरचा नळ फिरवला आणि कोपराची लवण त्या धारेखाली धरली. वाफ आली. मी तिचं तोंड पाहिलं. डोळे अर्धे मिटलेले, ओठ सुटलेले, मान एका बाजूला. इतकं सुख मी त्या पोरीच्या तोंडावर आईसक्रीम खातानाही पाहिलेलं नाही.

"अज्जी," ती हळूच म्हणाली, "इन्नू बिसी. अजून गरम."

मी नळ बंद केला. ती किंचाळली. "बेकु! हवंय! बिसी बेकु!" मी तिचा हात ओढून घेतला आणि तिने माझ्या मनगटाला चावा घेतला. "नीनु केट्ट अज्जी! वाईट अज्जी! जा!" मी तिला धरून ठेवलं, ओली, मासोळीसारखी निसटणारी, आणि म्हटलं, "मला माहीत आहे गे. आत्ता फार बरं वाटतं. खाज जळून गेल्यासारखी वाटते. आणि मग थोड्या वेळाने दुप्पट येते, हो ना? मग तू पुन्हा गरम मागतेस. नाही देणार. रड. मला मार पाहिजे तर. नाही देणार." तिने मला मारलं. दोन्ही मुठींनी, छातीवर. मग थकली. मी टिपलं, आणि अंग ओलं असतानाच तेल लावलं, वरून खाली, न चोळता. रडत रडत ती म्हणाली, "पायाला पण लाव." मी लावलं.

मुलगी दारात उभी होती. कॉल कधी संपला होता कुणास ठाऊक.

"तुला कसं कळलं, बरं वाटतं म्हणून मागते ते?" तिने विचारलं. "मला वाटायचं हट्ट करते. मी कधीकधी देतेसुद्धा थोडं गरम, गप्प बसावी म्हणून."

"डॉक्टर म्हणाल्या ना," मी म्हटलं.

"नाही म्हणाल्या. कढत नको एवढंच म्हणाल्या."

"मग कुठेतरी वाचलं असेल."

तिने पोरीला उचललं, तिच्या डोक्याचा वास घेतला. "उद्यापासून तूच घाल आंघोळ, अम्मा. माझ्याच्याने तिला नाही म्हणवत नाही."

ते तिघं कवायत बघायला गेले. मी गेले नाही, गर्दीचं निमित्त सांगितलं, आणि माझ्या घरी येऊन आज पहाटेपर्यंत हे लिहिते आहे. आई, ते तोंड मी आतून ओळखलं. न्हाणीत सोडा झोंबायचा तेव्हा मी रडायचे, काथ्याला रडायचे, लेपाला ओरडायचे. पण शेवटचे तांबे मी मागून घ्यायचे. "अजून गरम, आई. अजून." तू हंड्यातलं पाणी काढून आधी स्वतःच्या मनगटावर ओतून बघायचीस, तुझ्या रंग चढलेल्या जाड कातडीवर, आणि म्हणायचीस, "फार आहे कणे, सोसेल का?" मी मान हलवायचे. मग तू ओतायचीस. धार कोपरावर पडली की माझी मान मागे जायची, तुझ्या गुडघ्यावर टेकायची, आणि तू ती तिथे राहू द्यायचीस. तुझ्या घरात माझं दुसरं कुठलंही म्हणणं कुणी ऐकलं नाही. हे एक ऐकलंस, आणि नेमकं हेच ऐकायला नको होतं. तुला नाही म्हणता आलं नाही. तुला, जिने त्या सिस्टरना उडवून लावलं, गवळणीला, अप्पांना, सगळ्या गल्लीला नाही म्हटलं.

माझ्या मुलीला मी वेगळं सांगितलं आहे. ती लहान असल्यापासून सांगत आले आहे, की माझी आई मला कढत पाण्याने भाजायची, मी नको नको म्हणायचे आणि ती थांबायची नाही. इतक्या वेळा सांगितलंय की मलाही ते तसंच आठवायला लागलं होतं, कालपर्यंत. काल दारात उभं राहून तिने विचारलं तेव्हा सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी सांगितलं नाही. आज आंघोळीच्या वेळीही सांगणार नाही. ती तुझ्यावर रागावलेली मला बरी वाटते. माझ्या बाजूने रागावणारं दुसरं कुणी नव्हतं. हे कागद ती इथे यायच्या आत मी फाडून टाकीन.